रात्रीचा विद्यार्थी

"टीचर, बोट उचलू नका ना. दाबून ठेवा."

तिसऱ्या रांगेतून आवाज आला. मी बोट केव्हाच उचललं होतं. फळ्याएवढ्या त्या पडद्यावर समासांचा तक्ता यायचा, तर भलत्याच सेटिंगचं निळं पान उघडलं आणि नववीची चाळीस पोरं मोठ्या अपेक्षेनं माझ्याकडे बघू लागली. शिक्षक अडकलेला बघायला पोरांना फार आवडतं. त्यात दुष्टपणा नसतो. सर्कशीत तारेवरची बाई डगमगली की आपण जसे पुढे सरकून बसतो, तसंच ते.

"असं?"

"असं नाही टीचर. सोडा. मी येऊ का?"

तो आला, काचेवर बोट टेकवलं, जरा वेळ तसंच ठेवलं, आणि तत्पुरुष, द्वंद्व, बहुव्रीही सगळे आपापल्या जागी येऊन बसले. बाकावर परत जाताना हळूच म्हणाला, "सोपं आहे टीचर. घाई नाही करायची फक्त." मी शिकवायला लागले तेव्हा या मुलाच्या आईवडिलांचं लग्नही झालेलं नसेल.

हा पॅनल आमच्या शाळेत येऊन दोन वर्षं झाली. शाळा उत्तर नागपुरातली, मिशनच्या काळातली, मराठी माध्यमाची. भिंती दोन फूट जाड आणि पटसंख्या दरवर्षी रोडावणारी. पॅनल आला तेव्हा आम्ही सगळ्या शिक्षकांनी त्याच्याभोवती उभं राहून प्रार्थना केली, फोटो काढला, आणि मग सहा महिने कोणी त्याला हात लावला नाही. काचेवरचं पातळ प्लास्टिकसुद्धा तसंच होतं. आमच्या शिपाई दादांचं ठाम मत होतं की ते काढलं की वॉरंटी जाते. किल्ली त्यांच्याकडे असल्यामुळे त्यांच्या मताला वजन होतं. पोरांना त्या खोलीचं आकर्षण होतं ते निराळ्याच कारणासाठी. तिथे कूलर होता. नागपुरात मार्च उजाडला की शिक्षणाचा दर्जा वाळ्याच्या ताट्या किती ओल्या आहेत यावर ठरतो. हे कुठल्या अहवालात येत नाही, पण पंचेचाळीस डिग्रीत तिसरा तास घेतलेल्या कुणालाही विचारा.

मी काही यंत्रांची वैरी नाही. बी.एड.ला असताना फ्लॅनेल बोर्डावर सँडपेपर चिकटवलेली चित्रं लावून सराव पाठ दिले, तेव्हा तेच आधुनिक होतं. मग ओव्हरहेड प्रोजेक्टर आला, तो वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, बाहेर निघायचा. पुढे सगळ्यांसारखी एमएससीआयटी केली, ती शिकायचं होतं म्हणून नव्हे, वेतनवाढीत अडू नये म्हणून. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. ते सुरू करणारे डिसले गुरुजी आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे. त्यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटून टाकली, ही बातमी मी डिसेंबरच्या थंडीत खुर्ची उन्हात ओढून मोठ्यानं वाचली होती. अभिमान वाटला. आपण त्यांच्याच जातकुळीतले असंही वाटलं. ते लक्षात ठेवा, कारण पुढे जे सांगणार आहे ते या ओळीच्या शेजारी ठेवून वाचायचं आहे.

त्याआधी त्या वर्षाबद्दल थोडं.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं सरकारचं घोषवाक्य होतं. आमच्याकडे शिक्षण सुरू म्हणजे पाचवीच्या वर्गाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. अर्ध्या पोरांच्या घरी एकच फोन, आणि तो बापाबरोबर दिवसभर बाहेर. एका मुलाचे वडील ई-रिक्षा चालवायचे. टाळेबंदी सैल झाली तसा फोन पुन्हा रिक्षात बसून फिरायला लागला, आणि हा मुलगा दिवसभर ग्रुपवरून गायब. मी आपली चार-पाच दिवस त्याच्या नावापुढे फुली मारत राहिले. एकदा रात्री सव्वानऊला फोन वाजला. कवितेच्या पाठांतराचा आवाज-संदेश. त्याचा. वडील घरी येऊन, जेवून, फोन चार्जिंगला लागल्यावर त्याची शाळा भरत होती.

मग मी त्याच्यासाठी रात्री नऊ ते साडेनऊ असा तास सुरू केला. तास कसला, मी आवाज पाठवायचा, त्यानं आवाज पाठवायचा. दिवाळीनंतर त्याच्या संदेशात मागे आणखी एक आवाज येऊ लागला. म्हाताऱ्या बाईचा. "लाभ, दोन, तीन, चार…" 'एक'च्या जागी 'लाभ' म्हणत धान्य मोजतात, तसं काहीतरी मोजणं चाललेलं. मध्येच थांबायचं. पुन्हा लाभपासून. इकडे हा 'श' आणि 'ष' चुकवत कविता म्हणतोय आणि तिकडे तिचं मोजणं. मी कानाला फोन लावून दोन्ही ऐकायची. तो आजीचा आवाज, संत्री विकते ती, एवढं त्यानं सांगितलं होतं.

असे रात्रीचे विद्यार्थी माझ्या वर्गात तीन होते. चौथी मी होणार होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण आहे, 'निष्ठा'. इंग्रजी आद्याक्षरांतून ते नाव बसवलंय, पण ज्यानं कुणी बसवलं त्याला मराठी-हिंदीतला अर्थ पक्का माहीत असणार. २०१९ मध्ये ते सुरू झालं तेव्हा समोरासमोर होतं, महामारीत दीक्षावर, म्हणजे ऑनलाइन, गेलं. एकेक घटक उघडायचा, व्हिडिओ बघायचे, वाचायचं, शेवटी प्रश्नमंजूषा सोडवायची. सत्तर टक्के मिळाले की प्रमाणपत्र. नव्या शैक्षणिक धोरणानं तर शिक्षकानं वर्षाला ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. कागदावर वाचलं की चांगलं वाटतं. पन्नास तास! आठवड्याला एक तास! मी तर प्रार्थनेलाही तेवढा देत नसेन.

पण तो तास कुठून यायचा? दिवसा ऑनलाइन वर्ग, दुपारी सर्वेक्षणं, संध्याकाळी घर. उरली रात्र. तर मी रात्री दहानंतर ओट्यावर फोन उभा करायची, साखरेच्या डब्याला टेकवून, आणि व्हिडिओ लावून मेथी निवडायची. एका बाजूला कुणीतरी शांत आवाजात बालककेंद्री अध्यापनाविषयी बोलतंय, दुसऱ्या बाजूला माझी जुडी. व्हिडिओ संपला की हिरवी खूण यायची. मी ऐकलं की नाही हे त्या खुणेला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

प्रश्नमंजूषेच्या वेळी ग्रुपवर उत्तरं आलेली असायची. "१-ब, २-ड, ३-अ…" खाली दोन हात जोडलेले आणि एक फूल. मी पहिल्यांदा ती उतरवली तेव्हा स्वतःला सांगितलं, आज फार उशीर झालाय. दुसऱ्यांदा काही सांगावं लागलं नाही. सगळे घटक पूर्ण झाले. प्रमाणपत्रं आली. नाव छान, जाड अक्षरात, वर लिहिलेलं: निष्ठा.

नावासकट सगळा अपराध माझा. प्रशिक्षणात खोट होती असं मी म्हणणार नाही, कारण प्रशिक्षण मी बघितलंच नव्हतं.

तीस वर्षं मी पोरांच्या कंपासपेटीतून चिठ्ठ्या काढल्यात. संडे स्कूलमध्ये आठवी आज्ञा शिकवताना 'चोरी' म्हणजे फक्त वस्तूंची नव्हे, हे सांगायला माझ्याकडे कॉपीचंच उदाहरण असायचं. दुसऱ्या रविवारी उपासनेत प्रभुभोजनाआधी सगळी मंडळी मिळून पापांगीकार करते: विचारानं, शब्दानं, कृतीनं, आणि जे करायला हवं होतं ते न करून. ते शब्द मी लहानपणापासून म्हणतेय. इतके पाठ झालेत की म्हणताना पंख्याकडे लक्ष जातं. त्या रविवारी 'न करून'पाशी माझी जीभ अडली. शेजारच्या काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग पुढचं वाक्य आलं आणि मी सगळ्यांबरोबर झाले.

याच सुमारास पाळकसाहेबांनी निकदेमावर संदेश दिला. योहानाच्या तिसऱ्या अध्यायातला निकदेम. यहूद्यांचा पुढारी, जाणता माणूस, येशूकडे रात्री येतो. विचारतो, म्हातारं झालेलं माणूस पुन्हा कसं जन्मणार? आणि येशू त्याला जरासं चिमटा काढत म्हणतो, तू इस्राएलाचा गुरू, आणि तुला हे कळत नाही? या भागावरचे मी आयुष्यात वीसेक संदेश ऐकले असतील. जवळजवळ सगळ्यांमध्ये निकदेमाला बोलणी बसतात. भित्रा होता, लोक काय म्हणतील म्हणून अंधारात आला, वगैरे. मला ते कधीच पटलं नाही, पण का पटत नाही ते त्या दिवशी कळलं. निकदेम शिक्षक होता. शिक्षकाला शिकायला जायचं तर तो रात्रीच जाणार. दिवसा विद्यार्थी बघतात.

आणि निदान तो गेला तरी. मी ओट्याशी बसून १-ब, २-ड करत होते.

आमच्या घरात शिकण्याबद्दल एक गोष्ट बाबा सांगायचे. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय मंडळी झाली, ती इथे, नागपूरला, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये. बाबा त्या गर्दीत होते. स्कॉटिश मिशनच्या वळणाचं आमचं घर, साधी उपासना, उभ्यानं गीत, बसून प्रार्थना. एकत्र आल्यावर दुसऱ्यांच्या रीती आल्या, छापील उपासनाक्रम आला, गुडघे टेकणं आलं. "पस्तिसाव्या वर्षी गुडघे टेकायला शिकलो," बाबा म्हणायचे, "आणि पहिले काही महिने मी चुकीच्या वेळी टेकत होतो. सगळे उभे, मी खाली." सांगताना ते हसून हसून बेजार व्हायचे. ते हसू माझ्याकडे का आलं नाही, याचा मी विचार केलाय. बहुधा शिक्षकी पेशात ते झिजून जातं. रोज सहा तास आपल्याला येतं असं दाखवत उभं राहायचं म्हटल्यावर न येण्याची लाज हळूहळू हाडात शिरते.

या गावात असे उलटे शिक्षकही होऊन गेलेत. ज्यांच्या नावानं हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले ते धर्म सांगायला आणि शिकवायला. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. पण माणूस बाहेर पडला की दगड उचलायचा. नागपूरच्या आसपासच्या खडकांवर आणि जीवाश्मांवर त्यांनी लिहिलं, गोंड लोकांची भाषा आणि कथा टिपून ठेवल्या, आणि ती टिपणं त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलनं छापली. हिस्लोपाइट नावाचं एक खनिजही आहे. मला त्या खनिजापेक्षा दृश्य आवडतं: सांगायला आलेला एक पाद्री, हातात दगड घेऊन, गावकऱ्याला विचारतोय, हा कुठे मिळाला? ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटकडची शिलावर्तुळं बघून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. शिक्षक दिनाच्या आदल्या दिवसाची ही तारीख मी दरवर्षी वर्गात सांगते. पोरांना पुराचा भाग आवडतो.

आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. नागपूर ते राजनांदगाव रेल्वेच्या डब्यात १८९३ मध्ये कुणा अनोळखी साहेबानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ ला, मुंबईत. आमच्याकडे साक्ष देताना लोक अमुक दिवशी, अमुक वाजता तारण झालं असं सांगतात, आणि मला त्या मधल्या काळाबद्दल कुतूहल वाटतं. केवढे पंडित ते! रोज एखादं पान वाचायचं, आणि आपल्याला वाटत होतं तेवढं आपल्याला माहीत नाही हे रोज थोडं थोडं कबूल करायचं. त्या काळाचं कुणी प्रमाणपत्र देत नाही.

असो. मी प्रशिक्षण पुन्हा केलं.

हे सांगताना संत झाल्यासारखं वाटू नये म्हणून सांगते, सगळं नाही केलं. चार घटक केले. तेही उन्हाळ्याच्या सुट्टीत, जेव्हा बाहेर रस्त्यावर कुत्रंही नसतं आणि करायला दुसरं काही नसतं. झालेल्या घटकाचं नवं प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणजे माझं हे दुसरं शिकणं कुठेच नोंदलं गेलेलं नाही. एक दोनशे पानी वही घेतली. व्हिडिओ थांबवून लिहायला लागले. काही भाग कंटाळवाणा होता, काही मला आधीच येत होता, आणि काही ठिकाणी माझी चांगलीच जिरली.

त्यातून एका गोष्टीवरून दुसरी वाचत मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंपर्यंत पोचले. त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी वर्गांतलं बोलणं टेप करून मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती थांबतो? साधारण एक सेकंद. बस. तेवढ्यात उत्तर आलं नाही की दुसऱ्याला विचारतो, नाहीतर स्वतःच सांगून मोकळा होतो. हीच वाट तीन सेकंद पाहिली तर उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, आणि एरवी गप्प असणारी बोलतात.

मला वाटलं, अमेरिकेत असेल असं. मी थांबते.

शाळा सुरू झाल्यावर फोन टेबलावर पालथा ठेवून एक तास रेकॉर्ड केला. रात्री ऐकला. अशक्य प्रकार होता. पंख्याची खरखर, बाहेर भंगारवाल्याचा भोंगा, आणि मी. "या कवितेत कवीला काय वाटतंय? सांगा. हं? दुःख वाटतंय ना? का दुःख वाटतंय? कारण त्याचं गाव सुटलंय. बरोबर?" आणि पोरांचा एकसुरी "होऽऽ". चाळीस मिनिटांत पोरांच्या तोंडून आलेली सगळ्यात लांब गोष्ट म्हणजे "टीचर, पाणी प्यायला जाऊ?" प्रश्न माझे, उत्तरं माझी, शाबासकीही मीच मला देत होते. पॅनलनं जे दाखवलं नाही ते सहा हजारांच्या फोननं पालथं पडून दाखवलं. तंत्रज्ञानानं माझ्या शिकवण्यात काय बदल केला असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते. लोकांना ॲपचं नाव हवं असतं.

तीन सेकंद म्हणजे किती मोठे असतात ते करून बघा. पहिल्या सेकंदाला पोरं एकमेकांकडे बघतात. दुसऱ्याला तुमच्याकडे. तिसऱ्याला तुम्हाला घाम फुटतो. मी टेबलाखाली बोटं दुमडून मोजायची. पहिले पंधरा दिवस काहीच झालं नाही, पोरांना वाटलं मी विसरले. एकानं काळजीनं विचारलं, "टीचर, तब्येत बरी आहे ना?"

घरी हे सगळं सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "प्रार्थनेतही करून बघ." मी चांगली प्रार्थना करते अशी माझी मंडळीत ख्याती आहे. महिला संघात, वाढदिवसाला, घरभरणीला मलाच उभं करतात. आजारी, प्रवासी, परीक्षार्थी, देशाचे पुढारी, कुणी सुटत नाही. हे म्हणतात, "तुझी प्रार्थना म्हणजे देवासाठी लावलेला सूचनाफलक." राग आला. मग रात्री आमेनच्या आधी थांबून पाहिलं. एक, दोन, तीन. काही ऐकू आलं असं मी म्हणणार नाही. फ्रिज ऐकू आला. पण त्या शांततेत, मागायच्या यादीत नसलेली एक गोष्ट पुन्हा पुन्हा वर यायला लागली, आणि ती म्हणजे १-ब, २-ड.

मागच्या डिसेंबरात नववीला 'माझी आजी' हा निबंध दिला. विषय जुनाट आहे, कबूल. वह्या तपासायला घेतल्या आणि पहिलीच वाचून खूश झाले. 'आजी म्हणजे मायेचा अथांग सागर. तिच्या चेहऱ्यावरच्या प्रत्येक सुरकुतीत अनुभवाची एकेक कहाणी दडलेली आहे.' वा! दुसऱ्या वहीतही सागर. तिसऱ्या वहीत सागर नव्हता, सावली होती, पण सुरकुत्यांत कहाणी होतीच. नऊ वह्यांतल्या नऊ आज्यांच्या सुरकुत्या सारख्या. नऊ जणी पहाटे उठून अंगणात सडा घालत होत्या, विहिरीवरून पाणी आणत होत्या. आमच्या पोरांच्या वस्तीत अंगण नाही, नळाला पाणी येतं त्या तासाभरात भांडणं होतात. एआयला विचारलं होतं सगळ्यांनी, आणि एआयची आजी खेड्यात राहते.

त्या नवांत तो होता. ई-रिक्षावाल्याचा मुलगा, आता नववीत, मिसरूड फुटलेला, आवाज फुटलेला. त्याच्या वहीतली आजीही विहिरीवर जात होती. मी ते वाचलं आणि कानात ते 'लाभ, दोन, तीन' सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी वर्गात वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. नऊ चेहऱ्यांना कळलं होतं. माझं भाषण तयार होतं, तीस वर्षं तयारच आहे. ते सुरू करायला तोंड उघडलं आणि दुसरंच निघालं. मी त्यांना ओट्याची, मेथीची आणि निष्ठेची गोष्ट सांगितली. सगळी. ग्रुपवरच्या फुलासकट.

वर्ग शांत. तीन सेकंद कधीच होऊन गेले.

मग मागून एक पोट्टा म्हणाला, "मंग तुम्हाले कोणी पकडलं नाही, टीचर?"

"नाही."

"सर्टिफिकेट वापस नाही घेतलं?"

"नाही."

"मंग तुम्ही सांगून काहून राहिल्या?"

तो खरंच विचारत होता. चेष्टा नव्हती. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पापांगीकार, निकदेम, बाबांचे गुडघे, यातलं काही नववी ब ला दीड मिनिटात सांगता येण्यासारखं नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले, तो माझ्याकडे. घंटा झाली. मुख्याध्यापिका बाईंपर्यंत ही गोष्ट त्याच दुपारी पोचली आणि त्यांनी मला बोलावून, दार लावून, "असं पोरांसमोर बोलू नये," असं सांगितलं. त्यांचंही बरोबर असेल. शिस्तीचा धाक असतो, तो एकदा गेला की परत आणता येत नाही. मी "बरं" म्हटलं.

निकदेम त्या शुभवर्तमानात शेवटी एकदा परत येतो, हे बऱ्याच संदेशांत राहून जातं. येशूला क्रूसावरून उतरवल्यावर, गंधरस आणि अगरूचं भलं मोठं ओझं घेऊन. शब्बाथ लागायच्या आत पुरायचं होतं, म्हणजे तेव्हा अजून उजेड असणार. सगळ्यांना दिसत होतं कोण आलंय ते. तो तिथे काही बोलल्याचं लिहिलेलं नाही.

नवांपैकी सहा जणांनी निबंध पुन्हा लिहून आणला. मी सांगितलं नव्हतं. तिघांनी आणला नाही, आणि त्यांतला एक सरळ म्हणाला की पहिलाच चांगला होता. भाषेच्या दृष्टीनं त्याचं म्हणणं खरं आहे.

ई-रिक्षावाल्याच्या मुलाचा दुसरा निबंध सहा ओळींचा होता. ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका. आजी मंगळवारी बाजारात संत्री विकते. तिच्या हाताला सालीचा वास येतो, तो साबणानं जात नाही. ती डझनावर एक संत्रं जास्त देते. बाबा म्हणतात, देऊ नको, नुकसान होते. तरी देते. काहून देते माहीत नाही.

मी चुकांवर गोल केले आणि शेवटच्या ओळीशी लाल पेननं लिहिलं: 'आजीला विचार.'

चार दिवसांनी मधल्या सुट्टीत तो स्टाफरूमच्या दारात उभा. आत यायला तयार नाही.

"विचारलं, टीचर."

मी थांबले.

"म्हणे, मले मोजता नाही येत बराबर. मधातच विसरतो. कमी गेलं तं पाप लागन, म्हणून एक वरतून देतो."